मंदिर पडलं तेव्हा देव वाटेत होता



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय 13, श्लोक 27. (काही प्रतींमध्ये अर्जुनाचा एक प्रश्न अध्यायाच्या सुरुवातीला जास्त असतो, त्यामुळे तुमच्याकडच्या पुस्तकात हाच श्लोक 28 वा असू शकतो. गोंधळू नका.)

भगवंत इथे अर्जुनाला खरं पाहणारा कोण ते सांगतात. सगळ्या भूतमात्रांत परमेश्वर सारखाच उभा आहे, आणि ती भूतं नाश पावत असताना तो नाश पावत नाही, हे ज्याला दिसतं त्यालाच दिसतं. बाकीचे आपण नुसते बघतो.

श्लोक छोटा आहे. पारायणात अर्ध्या मिनिटात पुढे जातो. पण याच्यापाशी मी काही वर्षं अडकून आहे, कारण हा श्लोक वाचला की माझ्या डोळ्यांसमोर एक शहर येतं. आज त्या शहराबद्दल बोलू.

25 एप्रिल 2015. शनिवार. सकाळचे 11 वाजून 56 मिनिटं. नेपाळमधल्या गोरखा जिल्ह्यात 7.8 तीव्रतेच्या आसपासचा भूकंप झाला. 12 मे रोजी पुन्हा 7.3 चा धक्का बसला. जवळपास 9,000 माणसं गेली. काठमांडू, ललितपूर आणि भक्तपूर या तिन्ही जुन्या राजधान्यांचे दरबार चौक, शेकडो वर्षांची देवळं, विटा-मातीची लाखो घरं, सगळ्याला हादरा बसला. नेपाळमध्ये शनिवारी सुट्टी असते. त्यामुळे शाळा रिकाम्या होत्या. हजारो वर्गखोल्या कोसळल्या, पण त्या वेळी त्यांत मुलं नव्हती.

मी तिथे गेलो 2019 च्या नोव्हेंबरमध्ये. म्हणजे साडेचार वर्षांनी. ऑफिसमधला एक मित्र ललितपूरचा, नेवार समाजातला. त्याच्या घरी उतरलो होतो. आम्ही पाच जण होतो, त्यात एका मित्राचे वडील, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, पशुपतिनाथाच्या दर्शनासाठी मुद्दाम आले होते.

साडेचार वर्षं म्हटलं की आपल्याला वाटतं, झालं असेल आता सगळं. बातम्या तर पहिल्या महिन्यातच थांबल्या होत्या. प्रत्यक्षात काय दिसलं? गल्लीगल्लीत घरांच्या भिंतींना तिरके लाकडी टेकू लावलेले. दोन उंच घरांच्या मध्ये अचानक रिकामी जागा, तिथे गवत आणि नीट रचून ठेवलेल्या जुन्या विटा. पाटणच्या दरबार चौकात देवळांभोवती परांची. काठमांडूतलं धरहरा, तो उंच मनोरा, नव्याने बांधायला घेतलेला. राणीपोखरीतलं पाणी आटवलेलं, मधल्या देवळाचं काम चालू. शहर चालत होतं, दुकानं उघडी होती, कॉलेजची मुलं मोमो खात होती. पण कुठे तरी सतत हातोडीचा ठोका ऐकू यायचा.

आणि त्या ठोक्यासोबत मनात एक प्रश्न. तुम्हीही तो कधी ना कधी विचारला असेल, मोठ्याने नाही तर मनातल्या मनात. 11 वाजून 56 मिनिटांनी देव कुठे होता?

या प्रश्नाची दोन उत्तरं आपल्याकडे तयार असतात. दोन्ही आधी नीट तपासून बघू.

पहिलं उत्तर : देवाने शिक्षा केली.

हे उत्तर जुनं आहे आणि मोठमोठ्यांनी दिलेलं आहे. 15 जानेवारी 1934 ला नेपाळ आणि बिहार असाच हादरला होता. नेपाळी वृद्ध माणसं अजून त्याला नब्बे सालचा भूकंप म्हणतात, कारण त्यांच्या विक्रम संवतात ते 1990 साल होतं. त्या वेळी महात्मा गांधींनी म्हटलं की बिहारचा हा भूकंप आपण पाळलेल्या अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. अस्पृश्यता हे पाप आहे याबद्दल रवींद्रनाथ टागोरांचं दुमत नव्हतंच. तरीही त्यांनी जाहीरपणे विरोध केला. निसर्गातल्या घटनेला असं नैतिक कारण चिकटवणं चुकीचं आहे, असं त्यांचं म्हणणं. गांधीजींनी त्यांचं पत्र आपल्याच ‘हरिजन’मध्ये छापलं आणि आदराने उत्तर दिलं, पण मत बदललं नाही. दोन मोठी माणसं, दोघंही देवाला मानणारी, आणि एकाच भूकंपाकडे बघण्याच्या दोन नजरा.

मी या बाबतीत टागोरांच्या बाजूने उभा राहतो, आणि त्याचं कारण काठमांडूतली एक जागा आहे. तिचं नाव काष्ठमंडप. असं म्हणतात की काठमांडू हे नावच त्यावरून पडलं. लाकडाचा मोठा मंडप, मध्यभागी गोरक्षनाथांची मूर्ती. भूकंपात तो पूर्ण कोसळला. त्या शनिवारी तिथे काय चाललं होतं माहीत आहे? रक्तदान शिबिर. अनोळखी माणसासाठी रक्त द्यायला लोक जमले होते आणि तिथल्या काही जणांचा जीव गेला. आता सांगा, ही शिक्षा कोणाला आणि कशाची? हा हिशोब कोणत्याच वहीत बसत नाही. बसवायला गेलं तर देव तरी लहान होतो नाहीतर मेलेला माणूस तरी पापी ठरतो. दोन्ही मला मान्य नाही.

दुसरं उत्तर : देवाने चमत्कार केला.

भूकंपानंतर पशुपतिनाथाचं मुख्य मंदिर उभं होतं. लगेच फॉरवर्ड फिरले, बघा देवाची लीला, आजूबाजूचं सगळं पडलं, महादेव तसाच. काकांनाही तो फॉरवर्ड पाठ होता. मंदिर उभं राहिलं हे खरं आहे आणि त्याचा आनंद मलाही आहे. पण त्याच मंदिराच्या मागे बागमतीच्या काठी आर्यघाट आहे, आणि त्या दिवसांत तिथे चिता विझत नव्हत्या. मंदिर वाचलं हा चमत्कार म्हणायचा, तर चितांना काय म्हणायचं? भक्तपूरचं न्यातपोल हे पाच मजली मंदिर 1702 सालचं, राजा भूपतींद्र मल्लाने बांधलेलं. ते 1934 मध्ये टिकलं आणि 2015 मध्येही टिकलं. त्याच शहरातलं वत्सला देवीचं दगडी मंदिर मात्र जमीनदोस्त झालं. एकीकडे देवी जास्त जागृत आणि दुसरीकडे कमी, असं म्हणायचं का? भक्तपूरच्या कोणत्याही आजीला विचारून बघा, ती तुम्हाला हाकलून देईल.

म्हणजे शिक्षेचं उत्तर चालत नाही आणि चमत्काराचंही चालत नाही. दोन्हीत आपण पडलेल्या-न पडलेल्या दगडांवरून देवाचा कौल मोजतो. आजच्या श्लोकात भगवंतांनी हा रस्ताच बंद केला आहे. परमेश्वर सर्वांत सारखा आहे, असं ते म्हणतात. उभ्या देवळात जितका, तितकाच पडलेल्या देवळात. वाचलेल्यात जितका, तितकाच गेलेल्यात.

पण मग तिसरं उत्तर येतं, आणि ते जास्त धोकादायक आहे, कारण ते थेट या श्लोकातूनच काढता येतं : सगळं नश्वर आहे, कशाला दुःख करायचं?

ललितपूरच्या दक्षिणेला बुंगमती नावाचं जुनं गाव आहे. घराघरांत लाकडावर कोरीव काम चालतं. आमचा मित्र तिथे आम्हाला त्याच्या ओळखीच्या एका कारागिराकडे घेऊन गेला. पन्नाशीचे असतील. आम्ही त्यांना तिकडच्या पद्धतीने ‘दाइ’ म्हणजे दादा म्हणत होतो. भूकंपात त्यांचं घर गेलं आणि आईही गेली. तेव्हापासून कुटुंब पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं. साडेचार वर्षं, म्हणजे पाच पावसाळे.

सरकारने घर बांधायला तीन लाख नेपाळी रुपयांचं अनुदान ठेवलं होतं, तेही टप्प्याटप्प्याने. तेवढ्यात अशा गावात घर होत नाही हा एक भाग. दुसरा भाग आपल्याला ओळखीचा वाटेल. जुनं घर तीन भावांत वाटलं गेलं होतं, आणि वाटणी मजल्यांची नसून उभी, वरपासून खालपर्यंत. प्रत्येकाच्या वाट्याला एक अरुंद पट्टी. नवीन नियमांप्रमाणे भक्कम घर त्या पट्टीवर बांधणं अवघड. तिघांनी मिळून बांधायचं तर तिघांच्या सह्या हव्यात. एक भाऊ आखातात नोकरीला, एक भाऊ बोलत नाही. म्हणून दाइ पत्र्याच्या शेडच्या दारात बसून दुसऱ्यांच्या नव्या घरांसाठी खिडक्या कोरत होते. आणि काय सुंदर खिडक्या!

काकांचं मन चांगलं आहे. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. ते हिंदीत म्हणाले, “सब नश्वर है भाई, घर भी, शरीर भी. गीता में यही लिखा है.” दाइंनी मान हलवली. त्यांची बायको आमच्यासाठी चहा करत होती. तिने कप खाली ठेवले आणि काही न बोलता आत निघून गेली.

दाइ पटाशी थांबवून थोडा वेळ गप्प बसले. मग समोरच्या चौकाकडे हात केला, जिथे मंदिराच्या कामाचा पसारा पडला होता. मोडक्या हिंदीत जे म्हणाले त्याचा अर्थ असा : आमचं मोठं मंदिर त्या दिवशी पूर्ण पडलं. पण देव आत नव्हता. तो रथात होता. रस्त्यावर. आम्हीही रस्त्यावर, तोही रस्त्यावर.

हे नीट समजायला थोडी पार्श्वभूमी हवी, आणि ती आपल्या वारकरी माणसाला फार जवळची आहे.

बुंगमतीचं ते मंदिर रातो मच्छिंद्रनाथाचं, म्हणजे लाल मच्छिंद्रनाथाचं. बौद्ध लोक याच देवाला करुणामय, अवलोकितेश्वर म्हणून पूजतात. एकच मूर्ती, दोन्ही समाजांची. हा देव सहा महिने बुंगमतीत आणि सहा महिने पाटणमध्ये राहतो. दरवर्षी लाकूड आणि वेत बांधून जवळपास साठ फूट उंचीचा रथ उभा करतात आणि हजारो लोक तो दोरांनी ओढतात. एरवी रथ पाटणमधून फिरतो, पण बारा वर्षांतून एकदा तो थेट बुंगमतीहून निघतो. 2015 हे नेमकं ते बारावं वर्ष होतं. यात्रा काही दिवसांपूर्वीच सुरू झाली होती. मंदिर कोसळलं तेव्हा मच्छिंद्रनाथ खरोखरच रथात बसून वाटेत होते. पुढे कित्येक महिने यात्रा अडून राहिली.

या देवाची कथाही ऐकून ठेवा. गोरक्षनाथ खोऱ्यात आले आणि पाऊस देणाऱ्या नागांना आसनाखाली दाबून ध्यानाला बसले. बारा वर्षं पाऊस नाही. तेव्हा एक राजा, एक आचार्य आणि एक शेतकरी असे तिघे मिळून कामरूपाहून मच्छिंद्रनाथांना घेऊन आले. गुरू आले म्हटल्यावर शिष्याला उठावंच लागलं. गोरक्षनाथ वंदन करायला उठले, नाग सुटले, पाऊस पडला.

आता ही परंपरा आपल्याकडे कशी येते बघा. मच्छिंद्रनाथांचे शिष्य गोरक्षनाथ, त्यांचे गहिनीनाथ, त्यांचे निवृत्तिनाथ, आणि निवृत्तिनाथांचे धाकटे भाऊ आणि शिष्य आपले ज्ञानोबा माउली. ज्ञानेश्वरीच्या शेवटी माउलींनी स्वतः ही गुरुपरंपरा सांगितली आहे. म्हणजे आज आपण ज्या अध्यायावर बोलतोय, त्यावर मराठीत आपल्याला शिकवणाऱ्या माउलींच्या गुरूंचे गुरू, त्यांचे गुरू आणि त्यांचेही गुरू मच्छिंद्रनाथ. त्यांचं मंदिर तिथे पडलं होतं आणि ते स्वतः वाटेत होते.

दाइंचं ते बोलणं ऐकल्यावर मला आजचा श्लोक पहिल्यांदा पूर्ण ऐकू आला. आपण यातला फक्त एक भाग उचलतो : वस्तू नाश पावतात. पण भगवंतांचं सांगणं तेवढंच नाही. नाश पावणाऱ्यांमध्ये परमेश्वर उभा असतो, असं ते म्हणतात. लांबून बघत नाही. वरून निकाल देत नाही. जे मोडतंय त्याच्या आत उभा राहतो आणि तिथून हलत नाही.

उभा राहणारा देव आपल्याला कोणी वेगळा शिकवायला नको. पंढरपूरला दुसरं काय आहे? पुंडलिक आई-वडिलांची सेवा करत होता. देव दारात आला. पुंडलिकाने वीट सरकवली आणि सांगितलं, थांब जरा. देव त्या विटेवर थांबला. सेवा पूर्ण होईपर्यंत थांबला. अजून थांबलाय. कंबरेवर हात ठेवून थांबणं हीच आपल्या देवाची ओळख आहे. काठमांडूच्या गल्लीत रचून ठेवलेल्या त्या जुन्या विटा बघताना मला हेच वाटत राहिलं, की यातल्या प्रत्येक विटेवर कोणीतरी उभं राहून वाट बघतंय.

मग ‘नश्वर’ हा शब्द वापरायचाच नाही का? वापरा. पण तो स्वतःसाठी आहे. माझा फ्लॅट, माझं पद, माझी गाडी, माझा अपमान, हे सगळं नश्वर आहे असं मी स्वतःला रोज सांगावं. दुसऱ्याची आई गेली असताना तिला नश्वर म्हणणं हे ज्ञान नव्हे. ज्याने सर्वांत सारखा परमेश्वर पाहिला, त्याला पत्र्याच्या शेडमध्ये गळणारं पाणी परमेश्वराच्या डोक्यावर गळताना दिसायला हवं. तसं दिसत नसेल, तर श्लोक अजून पाठच आहे, कळलेला नाही.

आमच्या घरात हा विषय अगदी लांबचा नाही. 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारी. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या आणि हजारो माणसं गेली. लातूर-धाराशिवकडच्या कित्येक घरांत आजही तो विषय निघाला की मोठी माणसं आवाज खाली आणतात. माझी आईही. पहिल्या आठवड्यात सगळा महाराष्ट्र तिकडे धावला होता, हे खरं. पण तिथल्या माणसाचं दुःख पहिल्या आठवड्यात संपलं नाही. ते त्याच्यासोबत नव्या घरात राहायला गेलं.

इथे मला राणीपोखरीची गोष्ट सांगायची आहे. काठमांडूच्या मध्यभागी असलेलं हे तळं राजा प्रताप मल्लाने 1670 मध्ये बांधलं. मुलाच्या मृत्यूने खचलेल्या राणीच्या सांत्वनासाठी. अनेक तीर्थांचं पाणी आणून त्यात घातलं आणि मध्ये देऊळ उभारलं. प्रताप मल्ल विद्वान होता, त्याला संसाराच्या नश्वरतेवर बोलता आलं नसतं असं नाही. पण त्याने तळं खोदलं. राणी जिथे बसून पाण्याकडे बघू शकेल अशी जागा तयार केली. भूकंपानंतर या तळ्याचं काम काँक्रीटने उरकायला सुरुवात झाली, तेव्हा शहरातले लोक रस्त्यावर आले. आमच्या पूर्वजांनी दुःखासाठी बांधलेली जागा आहे ही, तशीच बांधा, असा त्यांचा आग्रह. अखेर विटा, चुना आणि सुरखीने जुन्या पद्धतीने काम झालं आणि 2020 मध्ये ते पूर्ण झालं. हे देऊळ वर्षातून एकदा उघडतं, भाऊबीजेच्या दिवशी. ज्यांना बहीण नाही, भाऊ नाही, ते त्या दिवशी तिथे जातात. दुःखासाठी बांधलेली जागा साडेतीनशे वर्षांनीही एकट्या माणसाला बोलावते आहे.

आता काष्ठमंडपाकडे परत येऊ, कारण तिथे आपल्यासाठी आणखी एक शिकवण आहे. तो पडल्यावर पुरातत्त्वज्ञांनी त्याचा पाया खणून पाहिला. सगळ्यांना वाटत होतं वास्तू बाराव्या शतकातली असेल. पाया निघाला सातव्या शतकाच्या आसपासचा. आणि पाया भक्कम होता! इतक्या भूकंपांतून टिकलेला. कमजोरी वर होती. मधल्या चार मुख्य खांबांपैकी एका खांबाचा सांधा त्याच्या पायाच्या दगडात बसलेलाच नव्हता. आधीच्या एका दुरुस्तीत तो जोडायचा राहून गेला आणि वर गुळगुळीत फरशी झाली. वरून बघणाऱ्याला चारही खांब सारखेच दिसत होते. पुढे पुनर्बांधणीच्या वेळी स्थानिक लोकांनी सांगितलं, सर्वांत कमी बोली लावणाऱ्या ठेकेदाराला हे काम देऊ नका. मग समाजाच्या पुढाकाराने, लाकडात, जुन्याच पद्धतीने मंडप पुन्हा उभा राहिला.

कृपया हे असं वाचू नका की तिथे गेलेल्यांची श्रद्धा कच्ची होती. तसं म्हणणं म्हणजे शिक्षेचंच उत्तर मागच्या दाराने आत आणणं. मी माझ्या आणि तुमच्या साधनेबद्दल बोलतोय. आपला पाया जुना आहे आणि भक्कम आहे. आजी-आजोबांनी, संतांनी घातलेला आहे. पण आपला खांब त्या दगडात बसलाय का? की फरशीवर टेकलाय? सकाळी उठल्यावर एक सुविचार लाइक केला, एकादशीला साबुदाणा खाल्ला, आषाढीला स्टेटस ठेवलं, यात वाईट काही नाही. पण हे फरशीवरचं आहे. खांब दगडात बसतो तो रोजच्या थोड्या नामाने, रोजच्या थोड्या वाचनाने, आणि कोणी बघत नसताना केलेल्या सेवेने. धक्का बसल्यावर सांधा बसवता येत नाही. तो साध्या, कंटाळवाण्या दिवसांतच बसवावा लागतो. आजच्यासारख्या.

आणि आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी असं आहे, ज्याचा भूकंप जुना झालाय. दोन वर्षांपूर्वी वडील गेलेली मैत्रीण. घटस्फोटानंतर ग्रुपमधून हळूच बाहेर पडलेला मित्र. कोविडमध्ये नवरा गमावलेल्या शेजारच्या काकू. पहिल्या आठवड्यात आपण सगळे गेलो होतो. डबे नेले, हात धरले. मग आपलं आयुष्य सुरू झालं आणि आपण गृहीत धरलं की त्यांचंही झालं असेल. भिंतीला अजून टेकू आहेत हे बघायला आपण त्या गल्लीत गेलोच नाही. मदत म्हटलं की आपल्याला धावणं आठवतं. चौथ्या-पाचव्या वर्षी जे लागतं ते थांबणं. परमेश्वर मोडणाऱ्या गोष्टींत थांबतो, तर त्याच्या भक्तानेही थोडं थांबायला शिकावं.

त्या दिवशी बुंगमतीहून निघताना काका पुन्हा शेडच्या दाराशी गेले. आतल्या ताईंना त्यांनी हात जोडून एवढंच विचारलं, “माताजी का नाम क्या था?” दाइंच्या आईचं नाव. ताई बाहेर आल्या. नाव सांगितलं. मग त्या कशा होत्या, काय रांधायच्या, सुनेला कशा ओरडायच्या, ते सांगू लागल्या. आम्ही आणखी पाऊण तास तिथेच होतो. चहा दुसऱ्यांदा झाला. त्या पाऊण तासात गीतेचं नावही निघालं नाही, आणि तरी मला वाटतं की अध्याय 13 चा अभ्यास तिथे झाला.

11 वाजून 56 मिनिटांनी देव कुठे होता, याचं तत्त्वज्ञानाला पुरेल असं उत्तर माझ्याकडे नाही. इतकं वाईट का व्हावं, हेही मला सांगता येत नाही. पण गीता आणि दाइ दोघं एकाच दिशेला बोट दाखवतात : तो तिथेच होता, जे पडत होतं त्यात, आणि नंतर रस्त्यावर आलेल्यांमध्ये. आणि तो निघून गेलेला नाही.

आजचा संकल्प : ज्याचा भूकंप जुना झालाय अशा एका माणसाला आज फोन करा. मेसेज नको, फोन. उपदेश करू नका. गेलेल्या माणसाचं नाव घ्या आणि विचारा, कसे होते ते? मग ऐका. जितका वेळ बोलतील तितका.

आजचा जप : फोन करायच्या आधी पाच मिनिटं शांत बसून रामकृष्णहरी. एवढं पुरे.

प्रार्थना : हे पांडुरंगा, तू विटेवर थांबलास. आम्हाला दुसऱ्याच्या दुःखाशेजारी थांबायचं बळ दे. आमच्या तोंडून निघणारं ज्ञान कोणाच्या जखमेवर पडू देऊ नकोस. जिथे अजून टेकू आहेत, जिथे अजून पत्रे गळतात, तिथे तू उभा आहेस हे आम्हाला दिसू दे. आणि दिसल्यावर आमचे हात कामाला लागू देत.

उद्या याच अध्यायाचा पुढचा श्लोक घेऊ. सर्वत्र सारखा ईश्वर पाहणारा स्वतःच स्वतःचा घात करत नाही, असं भगवंत तिथे म्हणतात. स्वतःला सतत दोष देणाऱ्या आपल्या पिढीसाठी तो फार महत्त्वाचा आहे. वाचून या.

राम कृष्ण हरी.